उसापलीकडचं पांढरं फडकं

आधी सिस्टरांचं सांगतो, मग बाकीचं. त्यांना मागं ठेवून गोष्ट सुरू केली तर मला ती नीट सांगताच येणार नाही.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. श्रीरामपुरात एका दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. नोकरी संपली तरी गल्लीतली माणसं त्यांना सिस्टरच म्हणतात, आणि ताप आला की डॉक्टरच्या आधी त्यांच्याच दारात उभी राहतात. दर रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की त्या तशाच, पांढऱ्या साडीवर, औषधांची पेटी मांडीवर घेऊन रिक्षातून आमच्या रेसच्या रानात येतात. घडीची खुर्ची, छत्री आणि थर्मासमधला बिनसाखरेचा चहा त्यांचा त्यांच्यासोबत असतो. त्या येऊन खुर्चीवर टेकल्याशिवाय पहिली गाडी सुटत नाही. हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही. मी आलो तेव्हा तो होताच.

मी आलो तो फार लांबून. माझं गाव वैनगंगेच्या काठी, तांदळाच्या मुलखात. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. मग धानाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून फिरत फिरत एकदा श्रीरामपूरच्या बाजारात आलो. तिथं ट्रकचा गिअरबॉक्स गेला, ट्रक एका गॅरेजात लागला आणि मालकानं मला दुरुस्ती होईपर्यंत गाडीजवळ थांबायला सांगितलं. थांबलो. नुसतं बसवेना म्हणून पाने पुसून द्यायला लागलो. ट्रक दुरुस्त होऊन गेला आणि मी गॅरेजातच राहिलो. गॅरेजवाले चाचा एवढंच म्हणाले, "जेवायला वरती येत जा. चाचीला सांगितलंय." एवढ्यावर माझी नोकरी ठरली.

मी मुळात घाबरट. हे काही लपवून ठेवण्यासारखं नाही, कारण दोन दिवसांत कुणाच्याही लक्षात येतं. शटर लावल्यावर मी परत येऊन कुलूप ओढून बघतो. चाकाचे नट आवळले की पुन्हा आवळतो. गॅरेजात सगळे हसायचे. त्यात माझी बोली. मी "का"च्या जागी "काहून" म्हटलं की एक टेम्पोवाला दादा मुद्दाम विचारायचा, "काहून रे, काहून आवळतो पुन्यांदा? नट पळून चाललाय का?" दादा मनानं वाईट नव्हता. पण दादाला गप्प बसवायचं तर त्याच्या तोंडात पान द्यावं लागायचं.

क्लब म्हणजे फार मोठं काही समजू नका. चार गॅरेजवाले, दोन ट्रॅक्टरचे मिस्त्री, दादासारखे गाडीवेडे, एक शाळामास्तर, काही कॉलेजची मुलं, आणि चाचांची मुलगी. देवळाली प्रवराजवळ एका बागायतदाराचं रान होतं. ऊस तुटून गेला की पुढच्या लागणीपर्यंत ते मोकळं असायचं. तेवढ्या दिवसांत नांगरलेली ढेकळं फोडून, रूळ फिरवून आम्ही त्यात मातीचा वाटोळा रस्ता करायचो. गाड्या म्हणजे कुणाची जुनी एट हंड्रेड, कुणाची डिझेल जीप. आतली सीटं काढलेली, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेला, चार ठिकाणी बांधायचे पट्टे. एक गाडी सुटायची, फेरी मारून यायची, कमी वेळात आली ती पुढं. मागं टँकर पाणी शिंपडत फिरायचा, नाहीतर धुळीत आपलाच हात आपल्याला दिसायचा नाही.

रेस कधी ठेवायची हे ठरवणं हीच एक मोठी कसरत. शुक्रवारी दुपारी गॅरेज बंद, कारण चाचा नमाजाला जाणार. म्हणजे गाड्यांचं काम गुरुवारपर्यंत उरकायचं, राहिलंच तर शनिवारी. रविवारी सकाळी निम्मे झेंडेवाले, म्हणजे गाड्यांना झेंडा दाखवून सोडणारे-थांबवणारे, चर्चमध्ये. म्हणजे रेस त्यांच्या प्रार्थनेनंतर. अंधार पडायच्या आत सगळं आवरायचं, कारण रानात दिवे नाहीत. मधल्या थोड्या तासांत सगळ्यांच्या फेऱ्या बसवायच्या म्हणून क्लबनं एक पद्धत पाडली होती. पहिली गाडी फेरी पुरी करून येईपर्यंत थांबायचं नाही. ती अवघड वळण पार करून गेली की मागून दुसरी सोडायची.

हे अवघड वळण सुरुवातीच्या जागेवरून दिसत नसे. शेजारच्या शेतकऱ्याचा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ऊस तिथं उभा होता. दोन पुरुष उंच. रस्ता त्या उसामागं जायचा, पाण्याच्या चारीला लागून वळायचा आणि बऱ्याच अंतरानं बाभळीपाशी पुन्हा दिसायचा. म्हणून वळणावर स्वतः अण्णा लांब बांबू घेऊन उभे राहायचे. बांबूच्या टोकाला पांढरं फडकं. गाडी वळणावर आली की फडकं खाली. वळण पार करून गेली की फडकं वर. उसाच्या शेंड्यांवर फडकं वर आलं की सुरुवातीच्या झेंडेवाल्यानं पुढची गाडी सोडायची. अण्णांना रेसचं फार वेड. नातू मोबाईलवर बघतो आणि मी समोर बघतो, असं सांगत फिरायचे.

सुरुवातीचा झेंडा आधी एका मिस्त्र्याकडं होता. तो कामासाठी पुण्याला गेला, आणि झेंडा कुणाला द्यायचा यावर गॅरेजात बैठक बसली. गाडी चालवायला सगळे तयार, झेंडा धरून उन्हात उभं राहायला कुणीच नाही. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "ह्याला द्या."

दादा हसला. "ह्याला? सिस्टर, ह्यो रस्ता वलांडताना निम्म्यातून मागं येतो."

"म्हणूनच म्हणतेय," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हा लोकांना गाडी सोडायची घाई. ह्याला नाही."

मला कुणी काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. माझी शाळा अर्धवट, माझी बोली वेगळी, या माणसांना मी कसा थांबवणार? बैठक संपल्यावर मी हे सिस्टरांना म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "संध्याकाळी घरी ये."

गेलो. त्यांच्या अंगणात त्यांनी मला एका टोकाला उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसल्या. "आता मला थांबव," म्हणाल्या. मी म्हटलं, "थांबा."

"काय म्हणालास?"

"थांबा."

"अरे बाबा, ह्या 'थांबा'नं माझी कोंबडीसुद्धा थांबायची नाही. वॉर्डात आम्ही नातेवाइकांना कसं थांबवायचो, माहितीय? आवाज चढवायचा नाही. हात वर, पाय घट्ट, आणि एकदाच म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटलं की ते विनवणीसारखं होतं."

पुष्कळ संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात हात वर करून उभा राहिलो. शेजारणी कुंपणावरून बघायच्या. लाल झेंडा त्यांनीच जुन्या परकराचा शिवून दिला. शिवताना म्हणाल्या, "तुला भीती वाटते, ती वाटू दे. भीती वाटली की बघायचं, कशाची वाटली. बहुतेकदा डोळ्यांनी काहीतरी आधीच बघितलेलं असतं."

मी सुरुवातीचा झेंडा घेतला त्यानंतरच्या काही रेसा सुरळीत पार पडल्या. आणि मग तो उन्हाळ्यातला रविवार आला.

त्या दिवशी माणसं बरीच जमली होती. नेवाशाकडून पोरं आली होती, रसाची गाडी लागली होती, भोंग्यावर मास्तर बोलत होते. मी चुन्याच्या रेषेशी. सिस्टर माझ्या मागं थोड्या अंतरावर छत्रीखाली. चाचांच्या मुलीची फेरी आली. क्लबात गाडी चालवणारी ती एकटीच मुलगी. तिच्या गाडीचं इंजिन मी आणि चाचांनी मिळून बांधलं होतं. मी तिच्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला, मग खांद्याचे पट्टे ओढून बघितले, मग पुन्हा हेल्मेटचा.

"भाऊ, गळा कापशील," ती आतून म्हणाली. "सोड आता."

मी तिला सोडली. ती उसामागं गेली. तिच्या मागं दादाची जीप रेषेला लागली. दादा ॲक्सिलरेटर दाबून दाबून इंजिन गुरगुरवत होता.

मी उसाच्या शेंड्यांकडं बघत होतो. फडकं वरच होतं. पांढरं, स्वच्छ, वर. म्हणजे वळण मोकळं, पुढची गाडी सोडा. पण मला भीती वाटली. आणि सिस्टरांनी सांगितलं होतं तसं मी बघायला लागलो की कशाची वाटली.

फडकं खाली गेलंच नव्हतं. ती वळणावर पोचली तेव्हा ते खाली जायला हवं होतं आणि मग वर यायला हवं होतं. ते मुळात हललंच नव्हतं. आणि वळणावर गाडी घसरत फिरली की उसावरून धुळीचा लोट उठतो, तोही उठला नव्हता.

"सोड की," दादा ओरडला. "पांढरं वर हाय."

मी लाल झेंडा वर धरला.

"अरं लाल काय धरतो? डोळं फुटले का? पांढरं वर हाय."

"ते खाली गेलं नाही," मी म्हटलं.

"तू बघितलं न्हाई. ते गेलं आन वर आलं."

"धूळ पण नाही उठली."

"टँकरनं आत्ता पाणी मारलंय म्हणून न्हाई उठली धूळ." दादानं जीप पुढं घेतली. पुढचं चाक चुन्याच्या रेषेवर आलं. मागून पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. भोंग्यावर मास्तर म्हणाले की काहीतरी तांत्रिक अडचण दिसते. आणि शेजारी उभे असलेले चाचासुद्धा म्हणाले, "छोड दे बेटा, सफेद ऊपर है. उजेड जाईल."

चाचांचं मीठ खातो मी. त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नव्हतो. पण पाय आपोआपच गेले आणि मी जीपच्या बॉनेटसमोर उभा राहिलो. हात वर, पाय घट्ट. म्हटलं, "थांबा." एकदाच म्हटलं. आवाज नीट निघाला.

दादानं हॉर्न दाबून धरला. तेवढ्यात माझ्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलं. सिस्टर होत्या. छत्री उघडीच होती. त्या दादाला म्हणाल्या, "मी पण इथंच उभी आहे. चालव, काय चालवायची ती."

दादानं हॉर्न सोडला. इंजिन मात्र बंद केलं नाही. तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिला.

आता सगळे बाभळीकडं बघत होते. तिथून ती दिसायला हवी होती. पहिल्यांदा पोरांच्या शिट्ट्या थांबल्या. मग भोंगा गप्प झाला. मग दादानं हात वाढवून चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. रसाच्या गाडीचा चरक तेवढा फिरत होता, तो पण कुणीतरी थांबवला. बाभळीपाशी कुणी आलं नाही.

चाचा धावत सुटले. रस्त्यानं नाही, सरळ उसात घुसले. सिस्टर एका पोराच्या मोटारसायकलवर मागं बसल्या, पेटी मांडीवर, आणि रस्त्यानं गेल्या. दादा जीपमधून उतरून त्यांच्या मागं पळाला.

मी तिथंच राहिलो. झेंडेवाल्यानं जागा सोडायची नाही, कारण मागं आणखी गाड्या उभ्या असतात आणि घाबरलेली माणसं गाडी घेऊन मदतीला निघतात. ते बरोबरच आहे. पण तो वेळ मी कसा उभा राहिलो ते मला सांगता येत नाही. लाल झेंडा दोन्ही हातांनी धरला होता. मनात एकच, की मी तिचे पट्टे नीट बघितले होते ना? हेल्मेटचा बघितला. खांद्याचे बघितले. कमरेचा? कमरेचा बघितला का? आठवेना. फडकं अजून तसंच वर होतं, जागच्या जागी, आणि त्या फडक्याचा मला इतका राग आला की काय सांगू.

मग ते हललं. आधी वाकडं झालं, उसाच्या शेंड्यांखाली गेलं, आणि पुन्हा वर आलं. मग डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं. कुणीतरी ते दोन्ही हातांनी हलवत होतं.  मी झेंड्याची काठी जमिनीला टेकवून तिच्यावर रेललो.

नंतर कळलं ते असं. कालव्याचं उन्हाळी आवर्तन चालू होतं. पाणी चारीला कधी येईल ते वरच्या शेतकऱ्यांच्या हातात. त्यांचं भिजलं की खालच्याची पाळी. अण्णांची पाळी सोमवारी येईल असा सगळ्यांचा हिशेब होता. पण वरच्याचं आधीच उरकलं आणि कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी रेसच्या मध्येच सायकल मारत आला, "अण्णा, पाणी घ्या, न्हाईतर खाली सोडतो." उन्हाळ्यातली पाळी कोण सोडतो? अण्णा बारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, आत गेले. पण जाताना त्यांना आमची काळजी वाटली. आपल्यामुळं रेसचा खोळंबा होऊ नये, पोरं लांबून आलीत, म्हणून त्यांनी बांबू बांधाच्या मातीत ठोकून उभा केला. फडकं वर. म्हणजे गाड्या येत राहतील आणि आपलं पाणीही होईल.

चारीचा बांध वळणापाशीच कमजोर होता. तिथून पाणी फुटून रस्त्यावर आलं. चाचांची मुलगी वळणावर आली तेव्हा समोर गुडघाभर चिखल. गाडी घसरली, बांधाला धडकली आणि बरोबर रस्त्याच्या मधोमध आडवी पडली. ती पट्ट्यांत लटकलेली, एक हात चालत नव्हता, त्यामुळं पट्टा सुटत नव्हता. पेट्रोलचा वास येत होता. मागून दादाची जीप येईल म्हणून ती कान देऊन ऐकत होती. हे तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. म्हणाली, "दर वेळी वाटायचं, आली. आणि यायचीच नाही."

सिस्टरांनी गाडीत डोकं घालून आधी तिच्याशी गप्पा मारल्या. नाव विचारलं, वार विचारला, सकाळी काय खाल्लं विचारलं. मग मान एका हातानं धरून चाचांकडून पट्टा कापून घेतला. फडकं हलवलं ते दादानं. सिस्टरांनीच त्याला सांगितलं होतं, "जा, आधी त्याला कळव. तो तिकडं मरत असेल."

ती चालत आली. चिखलानं माखलेली, हात सिस्टरांच्या पदराच्या फाडलेल्या तुकड्यानं गळ्यात बांधलेला. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, बाकी काही नाही. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "भाऊ, माझी फेरी धरणार का परत घेणार?"

चाचा तिच्या मागं होते. उसाच्या पात्यांनी त्यांचं तोंड आणि हात कापले होते. ते माझ्याजवळ आले आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट करून पुढं गेले.

दादा जीपच्या पायरीवर बसला होता. मला बघून म्हणाला, "काहून रे."

"काय?"

"काही न्हाई. तू जरा शूर असता, तर मी आज कुठं असतो ते बघत होतो."

अण्णा सगळ्यांत शेवटी आले, फावडं खांद्यावर, पाय चिखलात. त्यांना कुणी दोष दिला नाही. ते आपणहूनच प्रत्येकापाशी जाऊन सांगत होते, "तुमचा खोळंबा होऊ नये म्हणून काठी रोवली हो मी. खोळंबा होऊ नये म्हणून." शेवटी चाचांच्या मुलीनंच त्यांना म्हटलं, "अण्णा, बसा. पाणी प्या." तेव्हा बसले.

त्यानंतर क्लबनं काय केलं, तर फार काही नाही. आता रेस ठरवताना शुक्रवारचा जुमा, प्रार्थना आणि उजेड यांच्याबरोबर कालव्याचं आवर्तनही बघतो. आणि बांबू हातात धरलेलाच हवा. फडकं वर असलं तरी ते हलत नसेल तर ते लाल समजायचं. नवीन पोरांना हे मी शिकवतो, आणि ती मुकाट ऐकतात. चाचांच्या मुलीचं हाड जुळलं. तिनं पुढच्या हंगामात पुन्हा गाडी काढली. चाची आठवडाभर कुणाशी बोलली नाही, मग तिनंच लेकीच्या डब्यात पराठे बांधून दिले.

मी अजूनही घाबरट आहे. कुलूप ओढून बघतो. पण आता मला त्याची लाज वाटत नाही, आणि रविवारी रात्री झोप लागते. पूर्वी लागत नसे.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर सिस्टर चाचांच्या मुलीला दवाखान्यात पोचवून परत आल्या, खुर्ची आणि थर्मास राहिला होता म्हणून. मी रानात एकटाच चुन्याच्या रेषेशी बसलो होतो. त्यांनी थर्मासमधला उरलेला चहा मला ओतून दिला. गार झाला होता, बिनसाखरेचा. मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही बाजूला उभ्या राहिल्या नसत्या तर मी बाजूला झालो असतो."

"नसतास झाला," त्या म्हणाल्या. "पण मला कशाला परीक्षा बघायची होती?"

मग मी आईला फोन लावला. तिला इतकी वर्षं मी एवढंच सांगत होतो की गॅरेजात काम करतो. रेसचं सांगितलं तर ती घाबरेल, भीती माझ्याकडं तिच्याकडूनच आली आहे. त्या दिवशी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईले मले भेटाचं हाये. तिले घेऊन ये ना."

सिस्टर शेजारीच होत्या, त्यांना ऐकू गेलं. त्या हसल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "एवढ्या लांब? ह्या गुडघ्यानं?"

तेव्हाच मी ठरवलं. गाडी मी बांधीन, मऊ सीटची, पाय लांब करता येतील अशी. वाटेत त्या म्हणतील तिथं थांबेन. आई त्यांच्यासाठी नव्या तांदळाचा भात करील आणि नदीकाठच्या आमच्या ओसरीवर त्या खुर्ची टाकून बसतील. त्यांनी मला जे दिलं ते याच्यानं फिटणार नाही, मला कळतं. तरी एक दिवस मी त्यांना घेऊन जाणार आहे. सिस्टर, हे मी तुम्हाला सांगून ठेवतो.